चौथी बाजू

लिफ्ट मध्येच अडकली तेव्हा माझ्या कुशीत एका डॉक्टरांचं नाव होतं. संगमरवराची पाटी, त्यावर मीच कोरलेली अक्षरं, कडांना अजून पांढरी भुकटी. पाटी जड म्हणून लिफ्टमध्ये शिरले. एरवी मी जिने चढणारी बाई. दिवा गेला, पंखा बंद पडला. मी दार बडवलं, घंटा दाबली, मग मनातल्या मनात शिव्या द्यायला लागले. थोड्या वेळाने मोठ्याने.

"शिव्या झकास आहेत," वरून आवाज आला. "पण लिफ्टला ऐकू येत नाही. मला येतंय."

वर पाहिलं. छताचं झाकण सरकलं होतं आणि त्या चौकोनातून एक बॅटरी माझ्यावर रोखलेली होती. बॅटरीमागे एक कोपर, कोपरामागे कुठेतरी एक माणूस.

"मग ऐकत काय बसलात? बाहेर काढा की!"

"काढतो. हातात काय आहे ते सांगा आधी."

"दगड."

बॅटरी पाटीकडे वळली. मग, "दगड घेऊन लिफ्टमध्ये कोण चढतं हो?"

"जिचं पोट दगडावर चालतं ती. अक्षरं कोरते मी. पाट्या, कोनशिला, माणूस गेल्यावर लावायचे स्मृतीचे दगड... काय लागेल ते."

बॅटरी चौकोनातून मागे गेली. मला वाटलं, गेला हा गडी मला टाकून.

"एक विचारू?" आवाज बदलला होता, हळू झाला होता. "माणूस अजून गेलेला नसेल... तरी त्याचा दगड करता का तुम्ही?"

 मी काही म्हणायच्या आत वर साखळ्या वाजल्या, काहीतरी कण्हलं, आणि लिफ्ट अगदी हलक्या हाताने खालच्या मजल्याला लागली. दार उघडून मी बाहेर आले तोवर तो जिन्याने धावत खाली पोचला होता. उंच, सडपातळ, कपाळावर वंगणाचा एक पट्टा. पाटी घ्यायला त्याने दोन्ही हात पुढे केले, मग स्वतःचे हात पाहिले आणि मागे घेतले.

"डाग पडेल," म्हणाला. एवढंच. पण ते मला आवडलं. उगाच कशाला लपवू?

*

दुसऱ्या दिवशी स्वारी आमच्या कारखान्यात हजर. कारखाना म्हणजे काय, पत्र्याची एक लांब शेड, पुढे दगडांची रांग, मागे पाण्याचं पिंप. बाबा दारात बसून दगड घासत होते. त्यांचे हात आताशा कापतात, म्हणून कोरायचं काम माझं आणि बोलायचं काम त्यांचं. दोन्ही कामं जोरात चालतात.

"माझ्या वडिलांसाठी दगड हवा आहे," तो म्हणाला.

बाबांचा हात थांबला. "कधी गेले?"

"गेले नाहीत. घरी आहेत. त्यांना दगड बघून जायचंय."

हळूहळू सगळं कळलं. त्याचे वडील कवी. नुसते कवी नाहीत. ज्यांच्या ओळी लोक लग्नाच्या आमंत्रणावर छापतात, ते कवी. अर्धांगाचा झटका येऊन गेला होता, उजवी बाजू कामातून गेली होती, आणि पुढचा झटका फार लांब नाही, असं डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं. नदीकाठच्या रस्त्यावर ते ज्या बाकावर बसायचे, त्याच्या शेजारी एक दगड लावायची परवानगी मिळाली होती. गुडघ्याच्या जरा वर येईल एवढा, चौकोनी. चार बाजू, चार ओळी. मृत्यू, सौंदर्य, आशा आणि प्रेम.

"चारच का?" मी विचारलं.

"ते म्हणतात, जन्मभर या चारच गोष्टींवर लिहिलं. बाकीचं सगळं संपादकांनी मागितलं म्हणून."

बाबा हसले. "आणि कवीच्या पोटी लिफ्टवाला?"

"घरात एकाने तरी लोकांना वर न्यावं, असं आईचं म्हणणं होतं," तो शांतपणे म्हणाला, आणि बाबांनी त्याला तिथेच पास करून टाकलं. तेव्हापासून आमच्या शेडमध्ये त्याचं नाव लिफ्टवाला, आणि त्याच्या तोंडी मी कारागीर.

पहिली, मृत्यूची ओळ त्याने लिहून आणली नव्हती. मी कागद मागितला तर कानशिलं लाल झाली त्याची.

"तोंडीच सांगायची आहे. माझे बाबा म्हणतात, जी ओळ तुला घरापासून तिथपर्यंत लक्षात राहत नाही, ती दगडावर जायच्या लायकीची नाही."

"म्हणजे तुम्ही रस्ताभर घोकत आलात?"

"दोनदा सिग्नल चुकलो."

"मग म्हणा एकदाची."

तो उभा राहिला. बुटांकडे बघत, शाळेत फळ्यापाशी उभं केल्यासारखा. आणि म्हणाला :

"कुणी हाक मारली, आणि मी वळून पाहिलं नाही. एवढंच."

बाबांच्या हातातला घासायचा दगड पाण्यात पडला.  मरण्यावरच्या ओळी मी पुष्कळ कोरल्यात; सगळ्या स्वर्गाच्या, प्रकाशाच्या, अनंत प्रवासाच्या. इतकी साधी कधी कुणी आणली नव्हती. मी पांढरी पेन्सिल घेतली आणि दगड ओला केला.

*

आमच्याकडे एक नियम आहे, बाबांनी घातलेला. आधी अक्षरं कोरायची, सुटी सुटी. वरची रेघ कोरायची नाही. मग ज्याची ओळ त्याला बोलवायचं आणि त्याने कोरलेल्या प्रत्येक अक्षरातून बोट फिरवायचं. डोळा घाई करतो, चुकलेलंही बरोबर वाचून मोकळा होतो. बोट घाई करत नाही. त्याने 'हो' म्हटलं की मगच रेघ. रेघ पडली की अक्षरांचे शब्द होतात, आणि मग कुणी आलं तरी काही बदलत नाही.

म्हणून कवीकाका चाकांच्या खुर्चीतून शेडमध्ये आले. मुलगा खुर्ची ढकलत होता आणि काका त्याला ओरडत होते, "अरे, मी माणूस आहे, सामान नाही!" शब्द जरा ओघळत होते, पण डोळे लख्ख होते. डाव्या हाताचं बोट त्यांनी दगडात घातलं आणि सावकाश फिरवलं. एकेक काना, एकेक वेलांटी.

"थंड आहे," ते म्हणाले. "बरं वाटतं." आणि मग, "हो."



सौंदर्याची ओळ पुढच्या आठवड्यात आली. लिफ्टवाल्याने ती दारातूनच सांगितली, विसरेल म्हणून :

"खिडकीत काहीतरी सुंदर होतं, चहा गार झाला."

"हे काय!" बाबा म्हणाले. "दगडावर चहा?"

"मीही तेच म्हटलं. तर म्हणाले, तुझा कधी झालाय का गार?"

"मग? झालाय का?" मी विचारलं. विचारलं आणि जीभ चावली.

त्याने माझ्याकडे पाहिलं. बाबांनी त्याच्यासमोर ठेवलेला चहा तसाच होता, साय धरलेला. त्याने तो घाईघाईने उचलला आणि एका घोटात संपवला. "नाही," म्हणाला, "गरम आहे." अगदी सरळ चेहऱ्याने! मी दगडाकडे वळले, कारण मला हसू आवरत नव्हतं आणि अक्षर कोरताना हसलं की छिन्नी सरकते.

आशेची ओळ सगळ्यात छोटी. "दार लोटलंय. कडी घातलेली नाही." तिच्यासाठी काका पुन्हा आले. या वेळी खुर्चीत जरा जास्तच कलंडले होते. मुलाने एक उशी लावली, ती घसरली, त्याने पुन्हा लावली.  काका बोट फिरवत होते आणि तो त्यांच्या पाठीमागे उभा राहून त्यांचा कुडता सरळ करत होता. मी बघत राहिले. कुणावर जीव जडायला आणखी काय लागतं, मला माहीत नाही.

"आता प्रेमाची तेवढी राहिली, काका," मी म्हटलं. "ती तर तुमच्या खिशातच असेल. शेकड्याने लिहिल्यात."

"एखादी येते तुला?"

मी एक म्हणून दाखवली, मैत्रिणीच्या लग्नात ऐकलेली. त्यांनी ती शेवटपर्यंत ऐकून घेतली.

"चांगली आहे," ते म्हणाले. "ज्या संध्याकाळी ती लिहिली ना, त्या संध्याकाळी याची आई तापाने फणफणली होती. तिने आतून हाक मारली. मी म्हटलं, थांब, ओळ येतेय." त्यांनी बोटावरची भुकटी कुडत्याला पुसली. "ओळ आली. सगळ्यांना आवडली. तिने मात्र माझी एकही प्रेमकविता वाचली नाही. म्हणायची, तुम्ही लिहा, मी दूध बघते, उतू जाईल."

लिफ्टवाला बाहेर जाऊन उभा राहिला.

"कागद काहीही खपवून घेतो, पोरी. दगडावर मला खोटं घालायचं नाही. प्रेमावर एक, फक्त एक खरी ओळ देऊन जायचंय. तेवढ्यासाठी थांबलोय. येत नाहीये."

"येईल, काका."

"बघू," ते म्हणाले, आणि त्यांनी चौथ्या, कोऱ्या बाजूवर हात ठेवला. बराच वेळ.

*

मग सुरू झालं ते रिकाम्या हाताने येणं. काम सुटलं की लिफ्टवाला शेडच्या दारात.

"आली ओळ?"

"नाही."

"मग?"

"तेच सांगायला आलो. की नाही आली."

"फोन करून सांगता आलं असतं."

"आलं असतं," तो मान्य करायचा, आणि पिंपापाशी हात धुवायला लागायचा. एका दिवशी त्याने बाबांची गाडी दुरुस्त केली, एका दिवशी जड दगड उचलायला आढ्याला साखळीची कप्पी बसवून दिली. एकदा नुसताच बसला, मी कोरताना बघत.

"असं बघत बसू नका," मी म्हटलं. "हात अवघडतो."

"दगडाकडे बघतोय."

"दगड इकडे आहे. तुम्ही तिकडे बघताय."

"मग... तिकडेही काहीतरी असेल बघण्यासारखं."

बाबा मोठ्याने खाकरले. तो गेल्यावर म्हणाले, "'नाही आली' म्हणायला रोज एवढ्या लांबून येणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला." मी ऐकलंच नाही असं दाखवलं. पण संध्याकाळ झाली की माझी छिन्नी आपोआप हळू व्हायची, कान रस्त्याकडे लागायचे. आणि एक भीतीही होती. ती ओळ आली, की दगड पुरा होणार. दगड पुरा झाला, की काका... आणि मग हा तरी कशाला येईल? ओळ यावी असंही वाटायचं, येऊ नये असंही. स्वतःची लाज वाटायची.

मग तो यायचाच बंद झाला. मी फोन केला नाही, तोही नाही. आणि अचानक एका सकाळी दारात उभा. डोळे आत गेलेले, दाढी वाढलेली.

"आली," तो म्हणाला.

"ओळ?"

या वेळी त्याने बुटांकडे पाहिलं नाही. सरळ माझ्याकडे पाहिलं.

"तुझ्याकडे यायला कारण लागायचं. आता न यायला लागतं."

हातातली पेन्सिल तशीच राहिली. मला काकू दिसल्या, त्याची गेलेली आई, मी कधी न पाहिलेल्या. दूध उतू जाईल म्हणून चुलीपाशी उभ्या. बिचाऱ्या काकांना अखेर सापडलं, असं वाटलं. डोळ्यांत पाणीच आलं माझ्या.

"काकूंसाठी आहे ना?"

"कोरा तुम्ही," तो म्हणाला आणि निघून गेला.

मी कोरली. आजवर कुठली ओळ इतक्या जिवाने कोरली नसेल. बाबांनी येऊन पाहिली आणि माझ्या डोक्यावरची भुकटी झटकली.

*

तो आला तेव्हा बारीक पाऊस होता आणि पत्रे वाजत होते.

"झाली बघा," मी म्हटलं. "काकांना कधी आणताय?"

"ते येऊ शकत नाहीत. मीच फिरवतो बोट."

"छे! चालणार नाही. मी दगड घेऊन येईन हवं तर, पण बोट ज्याची ओळ त्याचंच."

तो दगडासमोर उभा होता. केसांतून पाणी गळत होतं. "नियम तसाच आहे? ज्याची ओळ त्याचंच?"

"हो. किती वेळा सांगायचं?"

"मग बरोबर आहे," तो म्हणाला, खाली बसला आणि पहिल्या अक्षरात त्याने बोट घातलं.

मला आधी कळलंच नाही. तू... झ्या... कडे... बोट हळूहळू सरकत होतं. 'कारण'पाशी पोचलं तोवर मला कळून चुकलं होतं. शेवटच्या अक्षरातून त्याने बोट काढलं, माझ्याकडे न बघता म्हणाला, "हो."

पाऊस पत्र्यावर वाजत राहिला.

"तुमची आहे?" माझा आवाज मलाच ओळखू येईना. "काकांची नाही?"

"त्यांना दुसरा झटका आला. म्हणून येत नव्हतो. वाचा गेली त्यांची. कळतं सगळं, ऐकू येतं, पण बोलता येत नाही. मी शेजारी बसलो की त्यांचे डोळे सारखे विचारतात... त्या चौथ्या बाजूचं काय म्हणून. आत्या म्हणते, त्याचा जीव त्या दगडात अडकलाय. एकदा पुरा झाला एवढं सांग त्याला."

"म्हणून तुम्ही रचलीत?"

"मला कुठे रचता येतं, कारागीर?" तो म्हणाला. "जी खरी होती ती सांगितली."

कुठल्या मुलीला हे ऐकून आनंद झाला नसता? मलाही झाला. खोटं का बोलू, असा झाला की कान तापले. पण त्याच्या पाठोपाठ जो संताप आला, तो त्याहून मोठा होता.

"अहो, उद्या मी दगडाच्या माथ्यावर त्यांचं नाव कोरणार होते! एक खरी ओळ द्यायची म्हणून जीव धरून बसलाय तो माणूस. आणि तुम्ही त्यांच्या नावावर तुमची खपवताय? त्यांच्याशी खोटं, माझ्याशी खोटं, दगडाशी खोटं!"

"ओळ खोटी नाही."

"जा तुम्ही."

"ऐकून तरी..."

"जा म्हणते ना!"

तो गेला. पावसातून, छत्रीशिवाय. मी चौथ्या बाजूकडे पाठ करून बसले आणि पोट भरून रडले. बाबांनी बराच वेळ घासायचा दगड खाली ठेवला नाही. शेवटी म्हणाले, "ओळ खरी आहे का?"

"आहे."

"मग खोटं पडेल ते नाव. नाव कोरलंयस का अजून?"

"नाही. पण काकांना काय सांगू, बाबा? तुमच्या मुलाने तुम्हाला फसवलं?"

"तोंड गेलंय त्यांचं. बोट आहे ना?" बाबा म्हणाले. "विचार जाऊन."

*

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि बाबांनी दगड कप्पीने ढकलगाडीवर चढवला, टेम्पोतून नेला आणि त्यांच्या खोलीत, पलंगाला लावून उभा केला. दार आत्यांनी उघडलं. कवीकाकांची बहीण, हातात औषधाची वाटी, केस पिंजारलेले.

"अगं, हे काय आणलंस घरात!"

"काकांना विचारायचंय काही."

"तो काय बोलणार आता..." म्हणता म्हणता त्यांचा आवाज चिरला. मग आत जाऊन त्यांनी भाच्याला फोन केला. मला ऐकू आलं.

काका पलंगावर अगदी लहान दिसत होते. पण डोळे तेच. मी त्यांच्या कानाशी बसले. वाटेत शंभर गोड वाक्यं जुळवली होती, त्यांतलं एकही आठवेना.

"काका, चौथ्या बाजूवर एक ओळ कोरलीय. ती तुमची नाही. तुमच्या मुलाची आहे. तुमची म्हणून त्याने मला दिली. तुम्हाला दगड पुरा झालेला कळावा, म्हणून. मला खोटं कोरायचं नाही आणि तुम्हाला खोटं ठेवून जायचं नाही. तुम्ही नाही म्हणालात, तर ही बाजू मी आजच तासून काढते."

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं, संपलं. जाता जाता मी या माणसाला दुखावलं. तेवढ्यात दारात पावलं वाजली. लिफ्टवाला. कामाच्याच कपड्यांत, धापा टाकत. काकांनी डोळे उघडून त्याच्याकडे पाहिलं, आणि ती नजर काही मऊ नव्हती. तो दारातच थिजला.

मग काकांचा डावा हात चादरीवरून जरासा उचलला गेला. मी तो धरला, दगडापाशी नेला, बोट पहिल्या अक्षरात ठेवलं.

इतकं सावकाश वाचताना मी कुणाला पाहिलं नाही. एका अक्षरावरून दुसऱ्यावर जाताना ते दमायचे, थांबायचे. आत्यांनी वाटी खाली ठेवली. 'कारण'पाशी बोट थांबलं, पुन्हा मागे गेलं, पुन्हा 'कारण'पाशी आलं. मग पुढे, शेवटपर्यंत. शेवटच्या अक्षरात बोट ठेवूनच ते पडून राहिले, आणि त्यांच्या डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाणी कानाकडे ओघळलं.

त्यांनी मुलाकडे पाहिलं. खूप वेळ. मग माझ्याकडे. मग पुन्हा त्याच्याकडे. आणि तोंडाची जी एक बाजू शाबूत होती, ती हसली.

त्यांचं बोट पुन्हा हललं. अक्षरांत नाही, अक्षरांच्या वर. पहिल्या अक्षराच्या डोक्यापासून निघालं आणि सरळ, न उचलता, जड श्वास घेत, ओळीच्या टोकापर्यंत गेलं.

रेघ.

"कोरू?" मी विचारलं. 

त्यांनी बोट दगडावर एकदा आपटलं.

"काका, माथा मी कोरा ठेवते. तुमचं नाव तीन बाजूंना, खाली. या बाजूला नाव नाही. चालेल?"

पुन्हा एकदा बोट. आधीपेक्षा जोरात.

मी तिथेच छिन्नी काढली. त्यांचा तळहात दगडाच्या माथ्यावर होता. माझा प्रत्येक घाव त्यांना लागत असणार. लिफ्टवाला पलंगाच्या दुसऱ्या बाजूला गुडघे टेकून बसला होता, वडिलांच्या छातीवर कपाळ ठेवून.  फक्त टक टक टक. रेघ पुरी झाली तेव्हा आत्या एकदम म्हणाल्या, "अरे देवा, चादर! सगळी भुकटी चादरीवर!" आणि पदर तोंडाला लावून हमसून हमसून रडायला लागल्या.

मी निघाले तेव्हा तो दारापर्यंत आला. मी त्याच्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर तिथेच सगळं बोलून बसले असते, आणि आतल्या खोलीत एक माणूस निरोप घेत होता. ती वेळ त्यांची होती.

*

त्यानंतर काका फार दिवस राहिले नाहीत. एका दुपारी आत्यांनी औषधासाठी हाक मारली, आणि त्यांनी वळून पाहिलं नाही.

खूप माणसं आली. मी आणि बाबा मागे उभे होतो. लिफ्टवाला सगळ्यांना नमस्कार करत होता, पाणी देत होता, लोक त्याच्या वडिलांच्या ओळी त्याच्यासमोर म्हणत होते आणि तो मान हलवत होता. माझ्यापर्यंत आला तेव्हा माझ्याही हातात पेला दिला. मी घेतला. इतक्या माणसांत काय बोलणार?

मग तो आलाच नाही. मला कळत होतं, घरात दुःख आहे. हेही कळत होतं, की 'जा' मी म्हटलं होतं आणि 'या' अजून म्हटलेलं नव्हतं. रोज फोन हातात घ्यायची, ठेवायची. 'आलात तर बरं होईल' असं म्हणायला माझी जीभ कधी शिकलीच नव्हती. बाबा म्हणाले, "दगडाशी बोलून बोलून दगडच झालीस." मी त्यांच्यावर खेकसले, आणि मग पिंपामागे जाऊन डोळे पुसले, कारण त्यांचं खरं होतं. माझं त्याच्यावर प्रेम होतं, त्याला ते माहीत नव्हतं, आणि सांगणारी एकटी मीच होते.

दगड बसवायचा दिवस ठरला. नदीकाठी धुकं होतं आणि बाक ओला होता. तो आधीच येऊन खड्डा खणून बसला होता. आम्ही कामापुरतं बोललो. जरा डावीकडे. हां. बस. खाली. बाबा बाकावर बसून सूचना देत होते, ज्यांची गरज नव्हती. दगड खड्ड्यात उतरला, त्याने सिमेंट भरलं, थापीने सारखं केलं.

तेवढ्यात फिरायला आलेल्या एक बाई थांबल्या. वयस्कर, गळ्यात चष्मा. त्यांनी तो लावला आणि दगडाभोवती फिरत एकेक बाजू मोठ्याने वाचली. मृत्यूपाशी गप्प झाल्या. चहापाशी हसल्या. आशेला नुसती मान हलवली. चौथ्या बाजूपाशी त्यांनी ओळ दोनदा वाचली आणि खाली वाकून काहीतरी शोधलं.

"बाकी तिन्हींवर कवींचं नाव आहे," त्या म्हणाल्या. "याच्यावर नाही. ही कुणाची हो?"

लिफ्टवाल्याने मान खाली घातली. थापी सिमेंटवर फिरत राहिली, जिथे आधीच सारखं झालं होतं तिथे. तो काही बोलणार नव्हता. जन्मात बोलला नसता. वडिलांच्या दगडापाशी उभं राहून 'माझी' म्हणणारा माणूस तो नव्हताच.

"माझी," मी म्हटलं.

बाईंनी माझ्याकडे वळून पाहिलं. "अरे वा. तुम्ही लिहिलीत?"

"नाही," मी म्हटलं. आवाज कापत होता, कापू दिला. "मला लिहिलीय. यांनी. आणि मी अजून उत्तर दिलेलं नाही, कारण मला राग आला होता. राग गेला. आता यांनी यायचं, आणि मला न विचारता यायचं, आणि जायचं नाही."

थापी थांबली होती. बाबा बाकावर एकदम नदीकडे बघायला लागले. बाईंनी चष्मा काढला, आम्हा दोघांकडे पाहिलं आणि हलकेच पुढे निघून गेल्या.

"कारागीर..." तो म्हणाला.  डोळे भरून आले होते आणि हात सिमेंटने माखलेले, त्यामुळे पुसताही येत नव्हते. मी माझ्या ओढणीने पुसले.

"आता रडू नकोस," मी त्याला पहिल्यांदा 'तू' म्हटलं. "दगड कलतोय. धर."

सिमेंट ओलं होतं. तो एका बाजूने, मी दुसऱ्या बाजूने, आम्ही दगड धरून उभे राहिलो, तो घट्ट बसेपर्यंत.